‘आता माझ्यापासून कुणाला होणार नाही ना?’

मोनो झालेल्या माणसाला दोन गोष्टी कळून हव्या असतात. मी बरी कधी होणार, आणि माझ्यापासून दुसऱ्याला होण्याची भीती कधी संपणार. पहिलीचं उत्तर उशिरा का होईना, मिळतं. दुसरीसाठी मला तारीख हवी होती, आणि तारीख कुणीच देईना.

मोनो म्हणजे इन्फेक्शियस मोनोन्यूक्लिओसिस. ग्लँड्युलर फीव्हर, ग्रंथिज्वर ही त्याचीच नावं. एपस्टीन-बार (ईबीव्ही) नावाच्या विषाणूमुळे होतो. कांजिण्या, नागीण, ओठांवर उठणारे तापाचे फोड ज्या विषाणूंमुळे होतात त्यांच्याच घराण्यातला हा. या घराण्याची खोड एकच: एकदा अंगात शिरले की जन्मभर मुक्काम. हे मला आधी माहीत असतं तर तारखेचा हट्ट मी धरलाच नसता.

माझी सुरुवात नुसत्या थकव्याने झाली. संध्याकाळी घरी आले की कपडेही न बदलता आडवी व्हायचे. मग ताप, मग घसा. साधा घसा नव्हे. स्वतःची थुंकी गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. दोन्ही टॉन्सिल सुजून एकमेकांना टेकायला आलेले, त्यांवर राखाडी-पांढरा थर. सकाळी पापण्या सुजलेल्या. मानेच्या मागच्या बाजूला गाठींची रांगच्या रांग हाताला लागायची. ही मागची रांग महत्त्वाची, हे नंतर कळलं. एरवीच्या टॉन्सिलच्या दुखण्यात गाठी बहुधा पुढे, जबड्याखाली येतात.

पहिल्या डॉक्टरांनी घसा पाहून अमॉक्सिसिलिन दिलं. जिवाणूंमुळे आलेला घसाही असाच दिसतो, त्यामुळे त्यात वावगं काही नव्हतं. पण गोळ्या चालू असतानाच छातीपाठीवर गोवरासारखं लालभडक पुरळ उठलं आणि ताप तसाच. मग दुसऱ्या डॉक्टर गाठल्या. त्यांनी पुरळ पाहिलं, मानेमागे बोटं फिरवली, पोटाच्या डाव्या बाजूला बरगडीखाली हलकेच दाबलं आणि म्हणाल्या, “हे मोनो असणार.” मोनोमध्ये अमॉक्सिसिलिन किंवा अँपिसिलिन पोटात गेलं की बऱ्याच जणांना असं पुरळ येतं. ती त्या औषधाची कायमची अ‍ॅलर्जी असतेच असं नाही.

रक्ताच्या रिपोर्टात लिम्फोसाइट, म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, निम्म्याहून जास्त, आणि त्यातल्या कितीतरी पेशींपुढे ‘अटिपिकल’, म्हणजे नेहमीसारख्या न दिसणाऱ्या, असा शेरा. यकृताचे एसजीओटी, एसजीपीटी हे आकडे वाढलेले. मोनोस्पॉट नावाची झटपट चाचणी मात्र निगेटिव्ह. आजाराच्या पहिल्या आठवड्यात ती चारातल्या एखाद्या रुग्णात अशी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून डॉक्टरांनी तिच्यावर न थांबता खुद्द या विषाणूविरुद्धच्या अँटीबॉडी तपासल्या. व्हीसीए आणि ईबीएनए हे विषाणूचे दोन घटक; आयजीएम ही ताज्या संसर्गातली अँटीबॉडी, आयजीजी पुढे टिकून राहणारी. माझी व्हीसीए आयजीएम पॉझिटिव्ह, ईबीएनए आयजीजी निगेटिव्ह. म्हणजे संसर्ग अगदी ताजा. ईबीएनएच्या अँटीबॉडी उशिरा येतात, साधारण दोन ते चार महिन्यांनी, आणि मग बहुतेकांत कायम राहतात.

त्या ‘अटिपिकल’ शब्दाने मी दोन रात्री घाबरून काढल्या. पुढच्या भेटीत विचारलं तेव्हा उलगडा झाला. विषाणू बसतो तो लिम्फोसाइटमधल्या बी पेशींमध्ये. रिपोर्टात विचित्र दिसणाऱ्या पेशी बहुतांशी टी पेशी, म्हणजे लिम्फोसाइटचाच दुसरा प्रकार, त्या बाधित बी पेशींना मारायला निघालेल्या. ताप, गाठी, घशाची सूज, यातलं बरंचसं विषाणूने थेट केलेलं नसतं. आपल्याच प्रतिकारशक्तीच्या धुमश्चक्रीचा तो परिणाम. लहान मुलांमध्ये ही धुमश्चक्री एवढी पेटत नाही. त्यांना झाला तर साधी सर्दी-कणकण, नाहीतर काहीच नाही. पौगंडावस्थेत किंवा विशीत पहिल्यांदा गाठ पडली तर मात्र असं आडवं करतो.

औषध काय? पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, झोप. एवढंच. विषाणूवरचं काही नाही का, म्हणून मी खोदून विचारलं. असायक्लोविर घेतलं तर घशातला विषाणू तेवढ्यापुरता कमी होतो, पण रुग्णाला लवकर बरं वाटत नाही, आणि औषध थांबलं की विषाणू पुन्हा दिसायला लागतो. स्टेरॉइड घसा सुजून श्वास अडायला लागला तर. तेवढी वेळ माझ्यावर आली नाही.

मग मी तो प्रश्न टाकला. “डॉक्टर, किती दिवस लांब राहू सगळ्यांपासून?”

त्यांनी उलट विचारलं, “सगळ्यांपासून म्हणजे कोणाकोणापासून?”

तेव्हा मला तो प्रश्न टाळाटाळीचा वाटला होता.

त्यांनी जे समजावलं ते असं. विषाणू लाळेतून जातो. अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत चार ते सहा आठवडे जातात, आणि त्यातल्या शेवटच्या काळात, आपल्याला काही कळायच्या आत, लाळेत विषाणू आलेला असतो. आजारपणात तो भरपूर असतोच. पण ताप गेल्यावर तो जात नाही. रक्तातलं प्रमाण बऱ्यापैकी लवकर खाली येतं. लाळेतलं मात्र महिनोन्महिने चढं राहतं, साधारण सहा महिने, काहींमध्ये त्याहून जास्त. त्यानंतर विषाणू बी पेशींमध्ये मुकाट पडून राहतो. या पेशी टॉन्सिलच्या भागात फिरत आल्या की मधूनच कुठेतरी तो जागा होतो, वाढतो, लाळेत उतरतो, पुन्हा गप्प होतो. आतल्या खोलीत पडून असणाऱ्या आणि लहर लागली की ओसरीवर येऊन बसणाऱ्या माणसासारखं त्याचं असतं. कधी बाहेर आला, कधी आत गेला, आपल्याला पत्ता लागत नाही, कारण तेव्हा ना ताप येतो ना घसा दुखतो.

“म्हणजे मी जन्मभर संसर्गजन्य?”

“त्या अर्थाने मीसुद्धा आहे,” त्या म्हणाल्या.

जगातल्या ९० टक्क्यांहून जास्त प्रौढांना हा विषाणू कधी ना कधी होऊन गेलेला असतो. बहुतेकांना लहानपणीच, नकळत. त्यांच्यापैकी कुठल्याही एका दिवशी लाळ तपासली तर साधारण १० ते २० टक्क्यांमध्ये विषाणू सापडतो. आज सापडला तो उद्या नसेल, आज नाही त्याच्यात महिन्याभराने असेल. म्हणजे जगात हा आजार पसरतो तो मुख्यतः माझ्यासारख्या अंथरुणावरच्या माणसांकडून नव्हे. ठणठणीत, हिंडत्याफिरत्या माणसांकडून. मला कुणाकडून झाला, याचा मीही माग काढायला बसले होते. सहा आठवडे मागे जाऊन कुणाच्या बाटलीतलं पाणी प्यायले, कुणाचा उष्टा चमचा तोंडात घातला, हे आठवत बसायचं. निष्पन्न शून्य. ज्याने दिला त्यालाही ते माहीत नसणार.

एवढं ऐकून सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण घरी दादाची दोन वर्षांची मुलगी होती, आणि माझ्या तोंडातला घास काढून स्वतःच्या तोंडात घालायची तिला सवय.

वहिनीने पहिल्याच दिवशी माझं ताट, वाटी, चमचा, पेला वेगळा केला. दादाला ते फार वाटलं, मला नाही. भांडी साबणाने नीट धुतली की वेगळी ठेवायची गरज नसते, पण वेगळ्या रंगाचा पेला दिसला की लहान मूल तो उचलत नाही, निदान मोठ्यांच्या लक्षात तरी राहतं. या विषाणूला ओल लागते. चमच्यावर, बाटलीच्या तोंडावर, खेळण्यावर लाळ ओली आहे तोवर तो टिकू शकतो. वाळलं की फार काळ नाही. हवेतून तो गोवरासारखा पसरत नाही. एका खोलीत बसणं, गप्पा मारणं, मिठी मारणं, यांत फारसा धोका नाही. त्यामुळे भाचीला जवळ घ्यायला बंदी नव्हती. उष्टं द्यायचं नाही, तोंडाचा पापा घ्यायचा नाही, तिचं खेळणं माझ्या तोंडाला लागू द्यायचं नाही, हात धुवायचे.

वहिनीने एकदा मुद्द्याचं विचारलं. “लहानपणी झाला तर काहीच होत नाही म्हणतेस. मग होऊ देत की आत्ताच! विशीत हे असं भोगण्यापेक्षा बरं.” मलाही ते पटण्यासारखं वाटलं, म्हणून तिला घेऊनच डॉक्टरांकडे गेले. त्यांचं म्हणणं होतं, तिला तो बहुधा कुठून ना कुठून होईलच, आणि झाला तर तुम्हाला कळणारही नाही. त्याची धास्ती घेऊ नका. पण मुद्दाम देण्याच्याही भानगडीत पडू नका. गुंतागुंत क्वचित होते, पण होते. शिवाय या विषाणूचे लांबचे हिशेब अजून पुरते लागलेले नाहीत. २०२२ साली अमेरिकी लष्करातल्या एक कोटीहून जास्त लोकांच्या नोंदींवर झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. या विषाणूच्या संसर्गानंतर मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराचा धोका सुमारे ३२ पट वाढलेला त्यात दिसला. तो आजार मुळात विरळा आहे, आणि विषाणू झालेल्या अफाट संख्येच्या लोकांपैकी फारच थोड्यांना होतो. हे सगळं वहिनीला सांगितल्यावर ती म्हणाली, “म्हणजे भ्यायचं नाही आणि खेळही करायचा नाही.” मला अर्धा तास लागला असता तेवढंच सांगायला.

खरी काळजी मामांची होती. त्यांचं मूत्रपिंडाचं प्रत्यारोपण झालेलं, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं रोज चालू, आणि माझं आजारपण ऐकून ते भेटायला निघालेले. अशा माणसांसाठी हा विषाणू साधा नाही. ज्या टी पेशी माझ्या रक्तात धावून आल्या होत्या, त्यांनाच ही औषधं लगाम घालतात. मग बाधित बी पेशी वाढत सुटतात आणि त्यातून कधी लिम्फोमासारखा, म्हणजे लिम्फोसाइटच्या कर्करोगासारखा, गंभीर आजार उद्भवतो. सर्वांत जास्त धोका असतो तो प्रत्यारोपणाआधी ज्यांना हा विषाणू कधीच झालेला नव्हता त्यांना, म्हणजे बरेचदा लहान मुलांना.

मामांना फोनवर “येऊ नका” म्हणणं मला जड गेलं. त्यांनी मात्र शांतपणे स्वतःची फाइल काढली. प्रत्यारोपणाच्या आधी केलेल्या तपासण्यांमध्ये ईबीव्ही आयजीजी होती: पॉझिटिव्ह. म्हणजे त्यांना तो फार पूर्वीच होऊन गेलेला. त्यांनी त्यांच्या नेफ्रॉलॉजिस्टना विचारलं, आणि ठरलं असं की मी तापात आहे तोवर भेट नको. नंतर या, पण एका ताटात जेवायचं नाही. कुणी मला विचारलं की संसर्गाच्या काळजीत सर्वांत उपयोगी काय ठरलं, तर मी मामांची ती जुनी फाइल दाखवीन. मी किती दिवस संसर्गजन्य आहे यापेक्षा समोरचा माणूस कोण आहे, त्याला आधी होऊन गेला आहे का, हे जास्त कामाचं. डॉक्टरांच्या त्या उलट प्रश्नाचा अर्थ इथे लागला.

ऑफिसला हे पटवणं वेगळंच. तिथे नियम होता: संसर्गजन्य आजारानंतर रुजू होताना ‘आता संसर्गाचा धोका नाही’ असं डॉक्टरांकडून लिहून आणायचं. डॉक्टरांनी ‘कामावर रुजू होण्यास योग्य’ एवढं लिहिलं आणि पेन बंद केलं. दुसरी ओळ लिहिली तर ती खोटी होईल, म्हणाल्या. त्यावर बऱ्याच ईमेलांची ये-जा झाली. आयजीएम पुन्हा करून निगेटिव्ह आली तर चालेल का, असंही तिकडून विचारलं गेलं. चालणार नव्हतं, कारण आयजीएम संसर्ग किती ताजा आहे हे सांगते, लाळेत विषाणू आहे की नाही हे नाही. लाळेची तपासणी केली तरी ती त्या दिवसापुरती, आणि ती निगेटिव्ह यायची वाट बघत महिनोन्महिने घरी बसवायचं तर त्याच न्यायाने ऑफिसातल्या बहुतेकांनाच घरी पाठवावं लागेल. शेवटी डॉक्टरांनीच खाली एक वाक्य जोडलं: या आजारात रुग्णाला विलग ठेवण्याची गरज नसते, बरं वाटू लागल्यावर कामावर वा शाळेत जाता येतं. ते चाललं. शाळकरी मुलांनाही हाच नियम लागू आहे.

रक्तदान मात्र मी स्वतःहून लांबणीवर टाकलं. किती काळ थांबायचं याचे नियम रक्तपेढीनुसार निराळे असतात. तिथे विचारूनच जायचं.

बासरीच्या वर्गात मी कुणाची बासरी उचलायचं आणि माझी कुणाला द्यायचं बंद केलं. तसं पाहिलं तर ते पहिल्यापासूनच बंद असायला हवं होतं, पण सूर जुळतो का बघायला दुसऱ्याच्या बासरीवर फुंकर मारणं हे आमच्याकडे सर्रास चालायचं. आता सगळेच आपापली वापरतात, त्यामागे मी आहे हे निम्म्यांना माहीतही नाही.

या सगळ्यात ज्याची खरोखर वेळ पाळायची असते ते दुसरंच आहे. प्लीहा, म्हणजे पाणथरी. माझी सोनोग्राफीत वाढलेली दिसली होती. मोनोमध्ये ती सुजते, नाजूक होते, आणि पोटावर जोराचा दणका बसला तर, क्वचित दणका न बसताही, फुटू शकते. असं हजारात फार तर एक-दोघा-पाचांचं होतं, पण झालं तर जिवावर बेततं. म्हणून किमान तीन ते चार आठवडे धक्काबुक्कीचे खेळ नाहीत, जड उचलायचं नाही. डाव्या बरगडीखाली अचानक जोराची कळ आली, डावा खांदा दुखायला लागला, चक्कर आली, तर तडक हॉस्पिटल. दादाला हे मी पाठ करून घेतलं होतं. यकृताचे आकडे जागेवर येईपर्यंत दारूही वर्ज्य. माझ्या मित्रमंडळींचं सगळं लक्ष ‘हिला चिकटून बसू का नको’ यावर, आणि एकाने तेवढ्यात मस्करीत पोटात गुद्दा मारायचा आव आणला. मी एवढ्या जोरात ओरडले की तोच घाबरला.

थकवा सगळ्यांत शेवटी गेला. बऱ्याच जणांचा काही आठवड्यांत जातो, काहींचा महिने घेतो. दहातल्या एखाद्याला सहा महिन्यांनंतरही तो जाणवतो. दुपारी पापण्या मिटायच्या, जिना चढताना मधे थांबावं लागायचं. थकवा आहे म्हणजे अजून लाळेत विषाणू जास्त आहे, असा माझा आपला समज झाला होता. तसा काही संबंध नाही. लोळत पडलेला माणूस जास्त संसर्गजन्य आणि धावता कमी, असं गणित या आजारात बसत नाही.

सक्तीच्या त्या विश्रांतीत या विषाणूचा इतिहास वाचला. १९६४ मध्ये अँथनी एपस्टीन, बर्ट अचाँग आणि इव्हॉन बार यांनी तो शोधला, तो आफ्रिकेतल्या मुलांना होणाऱ्या बर्किट लिम्फोमा या कर्करोगाच्या पेशींमध्ये. मोनोशी त्याचा संबंध आहे हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. फिलाडेल्फियात वर्नर आणि गर्ट्रूड हेन्ले हे दांपत्य या विषाणूवर काम करत होतं. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या एका तंत्रज्ञ तरुणीच्या रक्तात त्याच्या अँटीबॉडी नव्हत्या. ती मोनोने आजारी पडली, आणि परतली तेव्हा त्याच रक्तात अँटीबॉडी सापडल्या. त्यावरून धागा जुळला आणि १९६८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. आजारपणाच्या रजेचा इतका मोठा उपयोग कुणी केल्याचं मला माहीत नाही.

बरी होऊन कितीतरी दिवस झाल्यावर बासरीच्या वर्गातल्या मैत्रिणीचा फोन आला. घसा सुजलाय, ताप आहे, गाठी आल्यात. बोलण्यात आरोप नव्हता, पण “तुझ्या बाटलीतलं पाणी प्यायले होते बहुतेक” हे वाक्य दोनदा आलं. मी तिला दोन गोष्टी सांगितल्या: मोनो झालेल्या व्यक्तीशी तुझा संपर्क आला होता हे डॉक्टरांना आधीच सांग, आणि पोट दुखतंय का बघ. तिचे रिपोर्ट आले तेव्हा तिने फोटो पाठवला. व्हीसीए आयजीएम निगेटिव्ह, व्हीसीए आयजीजी पॉझिटिव्ह, ईबीएनए पॉझिटिव्ह. म्हणजे तिला हा विषाणू माझ्या कितीतरी आधी होऊन गेला होता, कदाचित माझ्या भाचीच्या वयाची असताना. घशाच्या स्वॅबमध्ये स्ट्रेप्टोकॉकस हा जिवाणू निघाला. तिला पेनिसिलिन दिलं, आणि एक दिवस उलटल्यावर तू इतरांना द्यायची नाहीस, असं डॉक्टरांनी तिला तासांच्या हिशेबात सांगितलं.

तिने ते मला कळवलं तेव्हा मला तिचा थोडा हेवा वाटला.